घर ते शाळा : एका अंतराचा इतिहास

आमच्या हेंद्रेपाड्याच्या नावातला पाडा आता शोधूनच काढावा लागतो. बदलापूरच्या पश्चिमेला इमारती अशा काही दाटल्या आहेत की, घराचा पत्ता सांगताना सोसायटीचे नाव आधी येते आणि पाड्याचे मागाहून. अशाच एका संध्याकाळी शेजारची सून मोबाईल घेऊन दारात उभी राहिली. "काका, ह्या नकाशावर आपलं घर नेमकं कुठे लावायचं? चुकलं तर अर्ज बाद करतात म्हणे."

तिचा मुलगा पहिलीत जायचा होता. शिक्षण हक्क कायद्यान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्यांचा तो अर्ज होता. घराची खूण केली की जवळच्या शाळांची यादी समोर येते, आणि आईबापांनी तीतून निवड करायची. मी चष्मा पुसून खूण केली खरी. पण मन मात्र तेथून निघाले ते थेट 1856 सालच्या धारवाडात जाऊन पोहोचले.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूचा आहे हे सरकारला दिसत होते; तरी एकट्यासाठी शाळा मोडण्याची जोखीम घेण्यास सरकार धजले नाही. त्या मुलाचे घर शाळेपासून किती कोसांवर होते, याला काडीचेही महत्त्व नव्हते. खरे अंतर शाळेच्या उंबऱ्यावरच होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो मुलगा एकटा होता. त्याच्या मागे सभा नव्हती, मंडळ नव्हते, वकील नव्हता.

त्याच्या आधी दोनच वर्षे, 1854 साली, वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची वाट मोकळी केली होती. सरकारचा पैसा आणि लोकांची शाळा ही आपल्याकडची जोडी इतकी जुनी आहे. परंतु शाळा वाढल्या म्हणजे निवड वाढतेच असे नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नसल्याने महार-मांगांची मुले शाळेला मुकतात हेही स्पष्ट नोंदवले. पुण्यात त्यांनी 1848 पासून मुलींसाठी आणि पुढे महार-मांगांसाठी शाळा काढल्या, त्या नुसती परोपकारबुद्धी म्हणून नव्हेत. ज्या घरांना एकही दार उघडे नव्हते, त्यांना निदान एक दार मिळाले.

पुढचे पाऊल शाळांनी नव्हे, वसतिगृहांनी टाकले, असे मला वाटते. खेड्यातल्या मुलाला शहरातली शाळा कागदोपत्री खुली असून काय उपयोग? रात्री निजायचे कोठे आणि जेवायचे काय? शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. त्याच 1919 साली भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था निघाली. डॉ. आंबेडकरांनी 1924 साली स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे एक पहिले काम काय, तर सोलापुरात वसतिगृह! याच सभेच्या वतीने 1928 साली त्यांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन ठेवले, आणि त्यात धारवाडच्या त्या मुलाचे प्रकरण पुन्हा उभे केले. बहात्तर वर्षांनी का होईना, त्या एकट्याच्या मागे सभा उभी राहिली.

स्वराज्यात प्रश्नाने वेगळाच वेष घेतला. मुंबई सरकारने जानेवारी 1954 मध्ये हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना नवा प्रवेश देऊ नये. देशी भाषांचा उत्कर्ष हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि काही पालक न्यायालयात गेले, आणि 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम अवैध ठरवला. केवळ भाषेच्या कारणावरून मुलाला दारात अडवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. निवड कोर्टात जिंकली. मात्र फी भरू शकणाऱ्यांच्याच ती हाती आली, हेही खरे. आज मराठी अभ्यास केंद्रासारख्या संस्था पालकांची संमेलने भरवून मराठी शाळा निवडा म्हणून सांगतात. तीही निवडीचीच चळवळ. ओढ फक्त उलट दिशेची.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला, 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. तरी कायदा घरोघर आपल्या पायांनी जात नाही. दिल्लीत 2013 पासून इंडस ॲक्शन ही संस्था अशाच पालकांना अर्जासाठी मदत करू लागली, ती यामुळेच. आपल्याकडे 9 फेब्रुवारी 2024 रोजी नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. पुन्हा पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, 19 जुलैला नियम रद्द झाला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. सरकारकडून प्रतिपूर्तीची रक्कम थकते ही शाळाचालकांची तक्रार खोटी नाही. पण तिची भरपाई सहा वर्षांच्या मुलाने का करावी?

असो. शेजारच्या सुनेचा अर्ज भरून झाला. यादीतली एक शाळा रुळांपलीकडे, पूर्वेला होती. नकाशाला रूळ ओलांडावे लागत नाहीत. आईला रोज लागतील. तरी तिने तेच नाव पहिले घातले. उठताना म्हणाली, "काका, आठवीपर्यंत फी नाही हे समजलं. नववीला काय करायचं?"

कायदा आठवीपाशी थांबतो, एवढे मला ठाऊक होते. "तोवर आठ वर्षं आहेत," मी म्हणालो. ती हसली. पण ती गेल्यावर माझ्या मनात आले की, धारवाडपासून आजवर प्रत्येक पिढीला एक दार उघडून मिळाले आणि त्याच्या आत दुसरे बंद दिसले. ते उघडायला एकट्या आईला पाठवू नये, इतकेच या इतिहासातून मी शिकलो आहे.