एपिटॅक्सी
एका स्फटिकाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे स्फटिक खालच्या अणुरचनेच्या दिशा धरून वाढतात, त्या वाढीला एपिटॅक्सी म्हणतात. ही संज्ञा फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ लुई रॉयेर यांनी १९२८ मध्ये ग्रीक ‘एपि’ (वर) आणि ‘टॅक्सिस’ (मांडणी) या शब्दांवरून घडवली. घटना मात्र जुनी: जर्मन स्फटिकशास्त्रज्ञ फ्रँकेनहाइम यांनी १८३६ मध्येच कॅल्साइटवर सोडियम नायट्रेट असे वाढवले होते. एरवी, खाली असा स्फटिक नसताना, उदाहरणार्थ वसईच्या मिठागरात, मिठाचे दाणे हव्या त्या दिशेला तोंड करून धरतात. पण अभ्रकाच्या नुकत्याच सोललेल्या पापुद्र्यावर पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचा थेंब सुकू दिला, की समांतर कडांचे इवले त्रिकोण उमटतात. हा देखणा प्रयोग कुणालाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. एलईडीतील अर्धवाहकांचे थर याच तत्त्वावर वाढवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम चालते.