मृत्युपत्र : तोंडी वचनापासून नोंदविलेल्या लेखापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. ज्ञातीच्या वंशावळी व देवस्थानांचे वृत्तांत विद्वान बंधूंनी यापूर्वीच लिहिले असल्याने आम्ही थोडा निराळा विषय निवडला आहे. मनुष्य आपल्यामागे राहणाऱ्या मालमत्तेची व्यवस्था कशी सांगून जात असे व आज कशी सांगतो, याचा हा इतिहास होय. विषय कित्येकांना अशुभ वाटेल. परंतु त्याच्या अज्ञानामुळे जे अशुभ घडते, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

आपल्या धर्मशास्त्रात दायविभागाची चर्चा विपुल आहे. पण आजच्या अर्थाच्या मृत्युपत्राला तेथे स्वतंत्र स्थान नाही. एकत्र कुटुंबाची मालमत्ता कोणा एकट्याची नव्हेच, मग ती एकट्याने कोणाला देऊन जावी कशी? आपल्या खानदेशात मिताक्षरेच्या बरोबरीने नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख प्रमाण मानला जाई. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी हिंदूंच्या मृत्युपत्रांना मान्यता दिली व १८७० साली त्यासंबंधी कायदाही झाला. मात्र तो बंगाल प्रांतापुरता आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरता होता. आमचा मुलूख त्याच्या कक्षेबाहेर राहिला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाग होऊन नंदुरबार, शहादे, तळोदे हे तालुके पश्चिम खानदेशात गेले, तरी या बाबतीत फरक पडला नाही.

याचा परिणाम ऐकून आजच्या वाचकास नवल वाटेल. ३१ डिसेंबर १९२६ पर्यंत आपल्या भागातील हिंदू मनुष्याने तोंडी सांगितलेले मृत्युपत्रही कायद्याने चालत असे. खाटेभोवती चार वडीलधारी मंडळी बसावीत, आजाऱ्याने क्षीण आवाजात आपली इच्छा सांगावी आणि पंचांनी ती ऐकावी, एवढ्यावर व्यवस्था होई. ऐकणारे प्रामाणिक असेपर्यंत सर्व ठीक. पण ऐकणारेही मर्त्यच! १ जानेवारी १९२७ पासून मात्र हिंदूचे प्रत्येक मृत्युपत्र लेखी, सही किंवा अंगठा केलेले व निदान दोन साक्षीदारांचे असलेच पाहिजे, असा दंडक सर्वत्र लागू झाला.

केवळ लेख असला म्हणजे निभावते असेही नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने निवर्तले. मृत्युसमयी त्यांनी मृत्युपत्र करून इस्टेटीची व्यवस्था लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदी विश्वासू गृहस्थांवर सोपविली. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली जामिनावर होते. तरी मित्राचा शब्द त्यांना मोडवला नाही. पुढे बाबा महाराजांच्या पश्चात जन्मलेला पुत्र अल्पवयात वारला, १९०१ साली औरंगाबादेस दत्तविधान झाले आणि त्यावरून ताई महाराज व विश्वस्त यांच्यात वितुष्ट आले. टिळकांवर फौजदारी खटला होऊन खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. १९०४ साली हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरविले. दत्तकाचा वाद तर विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ साली मिटला. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते, म्हणून तग धरला. आपल्यासारख्या शेतकऱ्याची काय कथा?

आता आमचीच एक चूक सांगितल्यावाचून लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावात मास्तर म्हणजे सर्वज्ञ, अशी लोकांची समजूत असते आणि मास्तरलाही ती गोड वाटते. १९८४ साली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील आमच्या गावी, एका वयोवृद्ध शेतकऱ्याने आम्हांस बोलाविले. त्याची विधवा बहीण पंचवीस वर्षे त्याच्या घरी राबली होती. स्वकष्टाने घेतलेल्या जमिनीपैकी दोन एकर व घराची एक खोली तिला मिळावी, अशी त्याची इच्छा. आम्ही सुवाच्य अक्षरात कागद लिहिला, त्याचा अंगठा घेतला, एका शेजाऱ्याची साक्ष घातली आणि खाली 'लिहिणार' म्हणून स्वतःचे नाव टाकले. दुसरा साक्षीदार शेतात होता; त्याची सही संध्याकाळी चावडीवर घेतली. त्याने अंगठा करताना पाहिले नव्हते, की म्हाताऱ्याच्या तोंडून 'हा माझा कागद' असे कधी ऐकलेही नव्हते.

दोन वर्षांनी म्हातारा गेला व मुलांनी कागद नाकारला. साक्षीदाराने न्यायालयात खरे तेच सांगितले, आम्हीही सांगितले. लिहिणारा तो साक्षीदार नव्हे, असे ठरले व मृत्युपत्र निकालात निघाले. न्याय चुकला नाही, चुकलो आम्ही. त्या बाईने आम्हांस कधी दोष दिला नाही. "मास्तर, अक्षर तर चांगलंच होतं तुमचं," एवढेच ती म्हणाली. पुढे ती दूरच्या भाचीकडे गेली व तेथेच वारली. आजही कोणी आमच्या अक्षराची स्तुती केली, की ते वाक्य कानी येते.

आज तर गुंतागुंत अधिक आहे. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला. महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली कन्येस जन्मतः हिस्सा मिळाला. तो हिस्सा पित्याला आपल्या कागदाने पुसता येत नाही. गुजरातेतील एका प्रकरणात, १९४८ च्या कुळकायद्याखाली, बिगरशेतकऱ्यास शेतजमीन मृत्युपत्रानेही देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांना तर १९५६ चा कायदाच सामान्यतः लागू नाही. कोणती जमीन वडिलोपार्जित, कोणती स्वकष्टार्जित, कोणती कुळाची, हे सातबारा पाहून वकीलच सांगू शकेल, मास्तर नव्हे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची हात जोडून विनंती आहे. शरीर धड व बुद्धी शाबूत असतानाच वकिलाकडून मृत्युपत्र लिहवून घ्यावे. दोन्ही साक्षीदार समक्ष बसवावेत. ते वयाने आपल्याहून लहान व लाभाशी संबंध नसलेले असावेत. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही व नोंदणी सक्तीची नाही, तथापि दुय्यम निबंधकाकडे ती अवश्य करावी. मन बदलल्यास जिवंतपणी कागद केव्हाही बदलता येतो. बारशाला व लग्नाला आपण जो खर्च करतो, त्याच्या अल्पांशात हे काम होते आणि मागे राहिलेल्या एखाद्या बहिणीला तिच्या हक्काची खोली मिळते.