ढोल, कैताळ आणि ओवीची झील



शाळेत तास देण्यासाठी टांगलेली काशाची थाळी आपण पाहिली असेल. एक ठोका पडला की तिचा नाद पार शिवारात जातो. जावा आणि बाली या बेटांवर अशाच काशाच्या, पण मध्ये उंचवटा असलेल्या लहानमोठ्या थाळ्यांचा मेळ करतात. काही टांगलेल्या, काही चौकटीवर पालथ्या मांडलेल्या. या मेळाला गमेलान म्हणतात. त्यात प्रत्येकाला आपापला ठोका सांभाळावा लागतो, आणि सर्वांत मोठ्या थाळीचा ठोका पडला म्हणजे एक आवर्तन पुरे होते. एका मेळातली वाद्ये एकमेकांशी जुळवूनच घडवतात. म्हणून एका गावची थाळी दुसऱ्या गावच्या मेळात सहसा चालत नाही. २०२१ साली युनेस्कोने या परंपरेची जगाच्या वारशात नोंद केली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसरा-दिवाळीच्या सुमारास भरते. भंडारा उधळला जातो, लोकर आणि खोबरे उधळले जाते, आणि ढोल-कैताळाने आसमंत भरून जातो. कैताळ म्हणजे झांजेहून मोठ्या धातूच्या दोन ताटल्या. ढोल घुमतो, कैताळ खणखणतो, आणि एकाने ठेका सोडला तर सारा मेळ कोलमडतो. गमेलानशी याचे रक्ताचे नाते नाही. पण एकट्याने वाजवायचे नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

मात्र धनगरांचे खरे धन आहे त्यांची ओवी. बिरोबाचा जन्म कसा झाला, तो वाढला कसा, ही लांबलचक कथा ओवीतून सांगतात. आधी गाणे, मग त्याच कथेचा गद्यातला विस्तार, पुन्हा गाणे. पुढचा गडी ओळ सोडतो आणि मागचे झील धरतात. रात्रच्या रात्र हे चालते. पुढच्याला दम घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला झीलकऱ्यांमुळेच उसंत मिळते.

या ओव्यांकडे विद्वानांचे लक्ष गेले ते उशिराच. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर (१९३४ ते १९९२) मेंढपाळांत हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिफितीवर घेतल्या. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात, पंढरीचा विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव असावा, असे मांडले. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची जोडी त्या विचाराला बळ देते. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांच्या ओठांवर महाराष्ट्राचा इतिहास होता!

आता काळजीची गोष्ट. पूर्वी मेंढरे शेतात बसवायची, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे, आणि रात्री तळावर ओवी म्हणायची, असा क्रम असे. तळावरचे पोर आधी नुसते ऐके, मग झील धरी, आणि पुष्कळ वर्षांनी कधीतरी स्वतः ओळ सोडी. झील हीच ओवीची शाळा! आता गायराने आक्रसली, पोरे शिकायला आणि नोकरीला पांगली. पोरांनी शिकू नये असे कोण म्हणेल? पण झील धरणारे उरले नाहीत, तर आजच्या गायकामागे उद्याचा गायक उभा राहायचा नाही. ध्वनिफितीत ओवीचे शब्द राहतील. ती पुढे म्हणणारा माणूस मात्र फितीतून निघत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावी ओवी म्हणणारे कोणी असतील, तर त्यांना शाळेत बोलवा. गायकाची संमती घेऊन ओवी उतरवून ठेवा. जशी म्हटली तशीच, भाषा शुद्ध न करता. आणि मुलांना नुसते ऐकायला बसवू नका. त्यांना झील धरू द्या. दहा पोरांनी एक ओळ उचलली तरी पुष्कळ झाले.