लाकडी बैलाची खांद

परवा माळा आवरताना आमचा लाकडी बैल सापडला. एक शिंग तुटलेलं, पुढचं एक चाक गायब, पाठीवर जुन्या बेगडीचा तुकडा अजून चिकटलेला. फोटो काढून घरच्यांना पाठवला, तर दहा मिनिटांत तीन भावंडांनी त्याच्यावर हक्क सांगितला! तेव्हा म्हटलं, याच्यावर लिहूनच टाकावं.

आमच्या वर्ध्याकडे पोळा दोन दिवसांचा असतो. श्रावणी अमावास्येला मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचा. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत तोरणापाशी न्यायचा आणि मग घरोघर बोजारा मागत फिरायचं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: बोजारा म्हणजे खाऊ, चिल्लर, जे मिळेल ते.) नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं मानलं जातं. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. तिथे एकट्या पोराला हलवताही येणार नाहीत एवढे मोठाले लाकडी नंदी मिरवतात.

पण जनावराला चाकं लावायची कल्पना भोसल्यांहून फार फार जुनी. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर) झाडाचं खोड खणताना एका गावकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला एक रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण साडेतीन हजार वर्षांहून जुन्या असाव्यात असं बऱ्याच जणांचं मत. गेंडा आणि रेडा चक्क चाकांवर उभे आहेत. रथात एक माणूस उभा, पुढे जुवाखाली दोन बैल, आणि मधल्या दांडीवर एक कुत्रा! मालक, बैल आणि कुत्रा, आमच्या शेतावरचं सगळं कुटुंबच की.

हे सगळं वाचताना एक साधी गोष्ट डोक्यात आली. वर्षभर बैल माणसाला ओढतो. बंडीत बसून आपण जातो, वखरामागे आपण चालतो. तान्ह्या पोळ्याला मात्र दोरी उलटी होते. बैल मागे आणि माणसाचं पोर पुढे. एक दिवस का होईना, ओढण्याचं काम आपल्याकडे येतं.

आणखी एक. आपण त्याला बरेचदा ‘लाकडी नंदी’ म्हणतो. नंदी शंकराचा, त्याच्या मानेवर जू नाही. सुतारही त्याला गुळगुळीत घडवतो, डौलदार वशिंड, उंच मान. खऱ्या बैलाची खांद कशी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक कळेल. जू घासून घासून तिथली कातडी जाड होते, काळी पडते, कधी सुजते, फुटते. लाकडी बैलाला ती खूण कुणी कोरत नाही. कलेनं जनावराला देव केलं हे खरं, पण आपला हिशेबही सोयीस्करपणे पुसला, असं मला कधी कधी वाटतं.

आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जातीचा मुलूख. पांढरीशुभ्र, चपळ जनावरं. आबाजींची जोडी गवळाऊच होती. २००९ साली ती विकली. पऱ्हाटीनं दोन वर्षं दगा दिला होता, चारा नव्हता, आणि गावात ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागला होता. बैल नेले त्या दिवशी आबाजी शेताकडे निघून गेले, ते अंधार पडल्यावरच परत आले. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा शहरात नोकरीला होतो. दोन महिन्यांचा चारा माझ्या पगारातून सहज आला असता. हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी होतो. खांद शेकायची वेळ. गोठा रिकामा. आबाजींनी नेहमीसारखं वाटीत तूप आणि हळद कालवली, पळसाचं पान घेतलं आणि देवळीतला हा लाकडी बैल खाली काढून ओट्यावर ठेवला. मग त्याच्या गुळगुळीत मानेवर, जिथे जू येतं नेमकं तिथे, बराच वेळ हळद-तूप लावत बसले.

काल बैल धुवायला घेतला, तर मानेवरचा तो पिवळसर डाग काही निघेना. मीही मग जास्त घासलं नाही.

असो. चाक नवं बसवून घेतोय. पोरं या पोळ्याला ओढतील. हक्क सांगणाऱ्या तिन्ही भावंडांनी बोजारा घेऊन यावं!