परीकथाचित्रण
परीकथाचित्रण : परीकथा, लोककथा व पुराणकथा यांच्या छापील ग्रंथांसाठी चित्रे काढण्याची कला. या चित्रांचे मूल्यमापन पुष्कळदा भिंतीवरील चित्राच्या निकषांनी केले जाते. तथापि त्यांचे रूप बव्हंशी मुद्रणतंत्राने घडविलेले असल्यामुळे ती पानावर, कथेच्या सान्निध्यातच पाहणे इष्ट ठरते.

ग्रिम बंधूंच्या कथांच्या इंग्रजी अनुवादासाठी (१८२३) जॉर्ज क्रुकशँक याने अम्लरेखन पद्धतीने काढलेली चित्रे आकाराने लहान, पण विलक्षण चैतन्यपूर्ण आहेत. रस्किनसारख्या चोखंदळ समीक्षकाने त्यांची प्रशंसा केली. फ्रान्समध्ये ग्यूस्ताव्ह दॉरे याने पेरोच्या कथांना (१८६२) नाट्यमय भव्यता दिली. आजीची टोपी घातलेल्या लांडग्याशेजारी अंथरुणात बसलेली त्याची बालिका भ्यालेलीही दिसते आणि खिळलेलीही. कथेतील शब्दांत हे द्वंद्व नाही. मात्र ही चित्रे लाकडी ठशांवर कोरली जात व वाचकाच्या हाती येणारी रेषा चित्रकाराची नसून कोरणाऱ्या कारागिराची असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्रणावर आधारलेल्या तिरंगी मुद्रणाने हा मधला हात दूर केला. कॅमेऱ्याच्या साहाय्याने जलरंगचित्रातील रंग वेगळे करून पिवळा, तांबडा व निळा असे ठसे एकावर एक छापीत. त्यासाठी गुळगुळीत लेपित कागद लागत असल्याने चित्रे निराळी छापून पुस्तकात चिकटवीत व त्यांवर पातळ कागदाचे आवरण घालीत. आर्थर रॅकम (१८६७–१९३९) याची शैली या तंत्राशी अचूक जुळली. तो शाईच्या रेषेवर फिकट, पारदर्शक रंगांचे थर चढवी. ठसे किंचित सरकले, तरी रेषा आकार धरून ठेवी. त्याची गाठाळ मुळे आणि मानवी चेहऱ्यांची झाडे या रेषेतूनच जन्मली. ‘रिप व्हॅन विंकल’ (१९०५) मध्ये त्याची ५१ रंगीत चित्रे आहेत. वॅग्नरच्या संगीतिकांतील जर्मानिक पुराणकथाही त्याने चित्रित केल्या (१९१०-११). उलट एदमाँ द्यूलाक याने अरबी कथांसाठी (१९०७) रेषेपेक्षा रंगांवरच, विशेषतः रात्रीच्या निळ्या छटांवर, भिस्त ठेवली. या ग्रंथांच्या कित्येक प्रती पुढे सुट्या करून त्यांतील चित्रे चौकटीत घालून विकण्यात आली. अशी चित्रे शोभिवंत दिसतात खरी, पण कथेतील कोणता क्षण चित्रकाराने निवडला व कोणता वगळला, हे त्यांतून कळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) अशा खर्चिक ग्रंथांची परंपरा ओसरली.

महाराष्ट्राशी या परंपरेचा प्रत्यक्ष संबंध १९१४ मध्ये आला. किंकेड या मुलकी अधिकाऱ्याने मराठी कहाण्यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले व त्यासाठी म. वि. धुरंधर यांनी चित्रे काढली. कहाणी ही मुळात हातात अक्षता घेऊन ऐकण्याची. श्रावणातील जिवतीचा छापील कागद हेच काय ते तिच्या शेजारचे चित्र, आणि तेही पूजेचे. ज्या घरांत या कहाण्या सांगितल्या जात, तेथे हे इंग्रजी पुस्तक क्वचितच पोचले असेल.