सतरंजी, गालिचा खराब झालाय? टाकून देण्याआधी हे करून बघा

लग्नकार्य, पाहुणेरावळे म्हटलं की अंथरलेल्या सतरंजीवर काहीतरी सांडणारच. नवीन घ्यायला हजारो रुपये जातात, त्याआधी घरीच हे उपाय करा.

चहा : सुती फडक्याने दाबून टिपा, घासू नका. घासलं की डाग आत मुरतो. मग गार पाण्याने कडेकडून मध्ये टिपत या.

तेल-तूप : बेसन भुरभुरा, तासाभराने झाडा.

हळद : साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, फिका पडतो.

निघालेला धागा : ओढू नका, उसवत जाईल. गालिच्याचा धागा कात्रीने सपाट कापा, सतरंजीचा सुईने आत ओवा.

ठिणगीचा डाग : लोकरीची फक्त टोकं जळाली असतील तर तेवढीच कातरा. नायलॉन वितळतं, तिथे ठिगळच लावावं लागतं.

कसर : लोकर खाते ती पतंगाची अळी. गालिचा, घोंगडी दोन्ही बाजूंनी झटकून कडक उन्हात टाका आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पेटीत ठेवा. डांबरगोळ्या विषारी असतात, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

कुठलाही उपाय आधी कोपऱ्यात करून बघा, रंग जात नाही ना याची खात्री करा.