पोथ्यांतील फळांचें मान : गणती, माप आणि वजन

जुन्या वैद्यकाच्या व पाकशास्त्राच्या पोथ्या वाचणारास फळांचें प्रमाण हें नेहमीं अडचणीचें स्थळ वाटतें. फळ कोठें मोजून, कोठें मापून, तर कोठें तोलून सांगितलेलें असतें. हीं तिन्ही मानें एकाच कोष्टकांत बसविलीं कीं संपादक मोकळा होतो; पाक मात्र बिघडतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील च्यवनप्राश हें याचें उत्तम उदाहरण होय. त्यांत आंवळे ५००, ही गणती. पाणी एक द्रोण, हें माप. मत्स्यंडिका अर्धी तुला, हें वजन. तुला १०० पलांची. पल हल्लीं ४८ ग्रॅमचें धरतात, तेव्हां साखर २ किलो ४०० ग्रॅम झाली. आंवळा अर्ध्या पलाचा घेतल्यास ५०० आंवळे १२ किलो भरतील, पलाचा घेतल्यास २४ किलो. साखर मात्र तेवढीच राहील. रानांतील बारीक आंवळा व कलमी मोठा आंवळा यांचें अंतर पोथींत लिहिलेलें नाहीं, पण पाकांत तें उतरतेंच.

पाण्याचीहि तीच गोष्ट. द्रोण म्हणजे ६४ कुडव, कुडव म्हणजे ४ पलें. या हिशेबानें द्रोण सुमारें १२.३ किलोचा होतो. परंतु शार्ङ्गधर सांगतो कीं, गुंजेपासून कुडवापर्यंत द्रव, आर्द्र व शुष्क या सर्वांचें मान सारखें. प्रस्थापासून पुढें द्रव व आर्द्र द्रव्यें दुप्पट घ्यावीं. तुलेस मात्र द्विगुणत्व कधींच नाहीं. तुला हें मुळांतच वजन असल्यामुळें हा अपवाद योग्यच आहे.

या दुपटीचें मूळ मापाच्या भांड्यांत असावें, असें आम्हांस वाटतें. कुडवाचें भांडें चार अंगुळें रुंद व तितकेंच उंच असावें, असें शार्ङ्गधरच लिहितो. अंगुळ पाऊण इंचाचें व भांडें वाटोळें धरल्यास त्यांत सुमारें ३५० ग्रॅम पाणी मावतें, म्हणजे चार पलांच्या (१९२ ग्रॅम) जवळजवळ दुप्पट. त्याच भांड्यांत मनुका भरल्या तर त्या सुमारें २०० ते २४० ग्रॅम भरतात. भांडें सुक्या जिनसांवरून ठरलें असल्यास द्रवाची दुप्पट आपोआप सिद्ध होते. हा आमचा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

मराठी कागदांतहि हाच घोटाळा आहे, कारण शेर तोलण्याचाहि असतो आणि मापण्याचाहि. जवळ नवटांक आला तर वजन समजावें. ७२ टांकांच्या शेराचा तो अष्टमांश. चिपटें, मापटें, अधोली, पायली असे शब्द आले तर माप समजावें, आणि तें शिगेचें कीं सपाट, हेंहि पाहावें. नुसता शेर असेल तर शेजारच्या जिनसांवरून निर्णय करावा, व तोहि टीपेंत.

तात्पर्य, पोथीची नक्कल करतांना मूळ मानशब्द जसाचा तसा ठेवावा, आपला आंकडा बाजूस लिहावा. फळाचें माप वजनांत आणणें झाल्यास तें फळ त्याच मापांत भरून प्रत्यक्ष तोलावें. आपला हिशेब चुकला तर पुढचा वाचक सुधारूं शकेल. मूळ शब्दच गेला तर त्याच्या हातीं कांहींच उरणार नाहीं.